मिश्र कुळाच्या पात्राला वेगळा नियम हवा का?

(माजिवडा, ठाणे इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून तुमच्यातल्या माझ्या वयाच्या मंडळींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आता मुलांच्या खेळाचे नियम काय समजावून सांगणार! पण बघा, समाजातले नियम आपल्या इतके अंगवळणी पडलेले असतात, की ते नियम आहेत हेच विसरायला होतं. खेळाचं तसं नाही. तिथं कोणीतरी बसून प्रत्येक नियम लिहिलेला असतो. अमुक साली लिहिला, अमुक साली खोडला, हे सांगता येतं. म्हणून एखादा नियम माणसाचं काय करतो हे बघायचं असेल, तर खेळ ही फार सोयीची जागा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मेट्रोच्या कामातून वाट काढत घरी जायचं आहे त्यांची सोय होईल. मिश्र कुळाच्या पात्राला वेगळा नियम नको. पण आहे तो नियम नुसता पुसून टाकणं हेही उत्तर नव्हे. ज्या नियमात मिश्र पात्र बसत नाही, तो नियम मुळात ‘शुद्ध’ पात्रांसाठीही चुकीचा असतो. दुरुस्ती तिथं करायला हवी. आता हे कसं, ते पायरीपायरीनं बघू.

खेळ आहे तरी काय?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, तो गोष्ट पुढं नेतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात. पात्राची सगळी माहिती एका कागदावर असते, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. ताकद किती, बुद्धी किती, चपळाई किती, सगळं आकड्यांत. मग दरवाजा फोडायचा असो की राक्षसाला थाप मारायची असो, वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात तुमचा आकडा मिळवायचा आणि जमलं की नाही ते ठरवायचं. आमच्या सोसायटीतली मुलं रविवारी क्लबहाउसमध्ये हा खेळ खेळतात. माझी नात त्यात आहे, म्हणून मी दोन-चारदा मागं खुर्ची टाकून बसलो.

पात्र तयार करताना पहिला प्रश्न असतो, की तू कोण? माणूस, एल्फ, ड्वार्फ, ऑर्क? एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, शेकडो वर्षं जगणारे. ऑर्क म्हणजे धिप्पाड, सुळे असलेले. यातलं काय निवडता त्यावर कागदावरचे काही आकडे आणि काही खास शक्ती ठरतात. अंधारात दिसणं, झोपेच्या मंत्राचा परिणाम न होणं, असं.

आणि इथंच आपला प्रश्न येतो. आई एल्फ आणि बाप माणूस असेल तर?

अर्ध्यांची पन्नास वर्षं

खेळाला हा प्रश्न फार लवकर पडला. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतच अर्ध-एल्फ आला. १९७८ च्या मोठ्या नियमपुस्तकात त्याच्या जोडीला अर्ध-ऑर्क आला. त्या काळचे नियम बघण्यासारखे आहेत. माणसाला आपल्या पेशात हवं तितकं वर चढता येई. इतरांना बहुतेक पेशांत ठरावीक पायरीनंतर बढती बंद. अर्ध-एल्फही त्यात अडकायचा. माणसाचं रक्त होतं, पण माणसाची मोकळीक नव्हती. अर्ध-ऑर्कला ताकदीत अधिक एक आणि लोकांवर छाप पाडण्याच्या गुणात वजा दोन. पुढं २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बढतीची मर्यादा गेली, पण अर्ध-ऑर्कच्या बुद्धीतून दोन वजा झाले. म्हणजे जन्मतःच कागदावर लिहिलेलं, की हा जरा मंद असणार.

मधल्या १९८९ च्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क मुख्य पुस्तकातून गाळलाच होता. त्यामागची अडचण ओळखायला अवघड नाही. अर्ध-ऑर्क आहे म्हटलं की त्याच्या आईवर अत्याचार झाला असणार, असं गोष्टीत गृहीत धरलं जाई. दोघांचं प्रेम असेल, रीतसर लग्न झालं असेल, हे सुचतच नसे. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वारं फिरलं. अर्ध-एल्फला आकड्यांमध्ये एकूण चार गुणांची वाढ मिळाली, अख्ख्या एल्फला तीनच. साहजिकच अर्ध-एल्फ लोकप्रिय झाला. मग डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की ‘रेस’ म्हणजे वंश हा शब्द आम्ही सोडतो, त्या जागी ‘स्पीशीज’ म्हणजे प्रजाती वापरतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणीसाठी जो मसुदा बाहेर आला, त्यात मिश्र पात्रासाठी एक साधी सूचना होती. आईबापांपैकी एकाचे नियम घ्या, दिसणं मात्र दोघांचं मिसळा. आणि २०२४ चं नवं नियमपुस्तक आलं त्यात दहा प्रजाती होत्या. ऑर्क आता पूर्ण मानानं त्यात होता. अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क नव्हते. जुन्या पुस्तकातले वापरायला हरकत नाही, एवढी मुभा राहिली.

आता गंमत बघा. शब्द बदलला तो सौजन्यानं, पण जीवशास्त्रात ‘प्रजाती’ या शब्दाचा रूढ अर्थच असा, की वेगवेगळ्या प्रजातींत सहसा संतती होत नाही. म्हणजे वंश हा दुखरा शब्द काढला आणि जो आणला, त्यानं मिश्र पात्र आधीपेक्षा जास्त अशक्य करून टाकलं.

तर इथवर तीन उत्तरं आपल्यासमोर आली. एक, अर्ध्यांसाठी तिसरा रकाना करा. दोन, आईबापांपैकी एक निवडा. तीन, विषयच काढू नका. ही तिन्ही उत्तरं आपल्याकडे खेळाच्या फार आधी देऊन झालेली आहेत.

तिसऱ्या रकान्याचं गणित

मनुस्मृतीचा दहावा अध्याय घ्या. चार वर्ण ठरवले. मग प्रश्न आला, की बाप एका वर्णाचा आणि आई दुसऱ्या वर्णाची असेल तर अपत्य कोण? मनूचं उत्तर, वेगळा रकाना. ब्राह्मण बाप आणि वैश्य आई, तर अंबष्ठ. क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई, तर सूत. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई, तर चांडाळ. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला काम. बाप वरच्या वर्णाचा असेल तर अनुलोम, आई वरच्या वर्णाची असेल तर प्रतिलोम, आणि प्रतिलोमाला शिक्षा जास्त.

गणित करा. चार वर्ण, आई कोण आणि बाप कोण हा क्रम धरला, तर मिश्र जोड्या बारा. चार अधिक बारा, सोळा झाले. या सोळांची आपसांत लग्नं झाली तर? सोळा गुणिले पंधरा, दोनशे चाळीस जोड्या. ही फक्त दुसरी पिढी! मनूला हे दिसत होतं. म्हणून तो संकराच्या संकरांचीही यादी करत जातो, आणि यादी कुठं संपते तर ग्रंथकार दमतो तिथं.

खेळाचंही तेच. दहा प्रजाती, क्रम सोडून दिला तरी पंचेचाळीस जोड्या. दहा अधिक पंचेचाळीस, पंचावन्न प्रकार. पुढच्या पिढीत चौदाशे पंच्याऐंशी जोड्या. इतकी पानं कोणी छापणार नाही. मग होतं काय, तर दोनच मिश्रणांना पान मिळतं, अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क. ड्वार्फ आणि नोम यांच्या पोरानं काय करायचं, ते तिथं लिहिलेलंच नसतं. आणि आणखी एक. ज्यांना पान मिळालं त्या दोघांच्याही नावात दुसरा अर्धा भाग न सांगता माणूस! म्हणजे माणूस हा जणू कोरा कागद, आणि दुसऱ्याचा काय तो डाग.

बाबासाहेब आंबेडकरांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये मनूच्या या संकरशास्त्राची झडती घेतली आहे. महाराष्ट्र शासनानं तो ग्रंथ १९८७ मध्ये छापला तेव्हा केवढा वाद झाला, तो इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. बाबासाहेबांचे दोन मुद्दे आपल्या कामाचे आहेत. पहिला असा, की मनूनं ज्यांना मिश्रणातून जन्मलेले म्हटलं त्यांतले कितीतरी मुळात स्वतंत्र लोकसमूह होते. मागध म्हणजे मगधाचे, वैदेह म्हणजे विदेहाचे. आधी माणसं होती, मग त्यांना खालची जागा देण्यासाठी त्यांच्या जन्माची कथा रचली. दुसरा मुद्दा असा, की ही कथा खरी मानायची तर आपल्याच आयाबायांच्या चारित्र्यावर केवढा आरोप होतो, याचं भान लिहिणाऱ्याला नव्हतं. चांडाळ म्हणून गणलेली एवढी मोठी लोकसंख्या अशा संबंधांतून झाली म्हणायची, तर हिशोब कुठवर जातो ते बघा, असं ते विचारतात.

आता अर्ध-ऑर्कच्या आईची गोष्ट आठवा. दोन हजार वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर आहे, पण तर्काची चाल तीच. रकाना आधी आणि मग त्याला शोभेल अशी आईची बदनामी.

एक निवडा म्हणजे काय?

दुसरं उत्तर, एक बाजू निवडा. टॉल्किनच्या कथेत एलरॉन्ड आणि एलरॉस हे भाऊ अर्ध-एल्फ. त्यांना निवड दिली जाते. एलरॉन्ड एल्फ होतो, एलरॉस माणूस होतो आणि मरण स्वीकारतो. तिथं निवड थोर आहे, कारण ती ज्याची त्यानं केलेली आहे आणि तिची किंमत त्यानं मोजली आहे.

आपल्याकडचा घटोत्कच बघा. भीम बाप, हिडिंबा आई. शरीराचे सगळे नियम आईकडचे, म्हणजे माया येते, रात्री बळ वाढतं, हवं तेवढं मोठं होता येतं. कर्तव्य मात्र बापाकडचं. बोलावलं की यायचं, लढायचं. पांडवांच्या मुलांमधला तो सगळ्यात मोठा, पण राज्याच्या वारसाची गोष्ट निघते तेव्हा त्याचं नाव कोणाच्या तोंडी नाही. युद्धाच्या चौदाव्या रात्री कर्णानं अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर खर्ची पडते, पांडव रडतात आणि कृष्णाला आनंद होतो. शक्ती आईची, जबाबदारी बापाची आणि हक्क कोणाचाच नाही, असा हा हिशोब आहे. आणि ही वाटणी घटोत्कचानं केलेली नाही.

त्याच्या उलट कर्ण. जन्म कुंतीचा, वाढला सूताच्या घरी. कृष्ण येऊन सांगतो, तू जन्मानं पांडव आहेस, चल, राज्य तुझं. इथं नियम त्याच्या बाजूनं आहे, तरी तो नाही म्हणतो. कारण काय देतो? राधेनं मला वाढवलं, अधिरथानं माझे संस्कार केले, माझी लग्नं त्या कुळात झाली. म्हणजे जन्मानं काय मिळालं आणि वाढण्यातून काय मिळालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाभारतकाराला पक्कं ठाऊक होतं. खेळाच्या नियमपुस्तकानं पन्नास वर्षं या दोन्ही एकाच ओळीत कोंबल्या. एल्फ आहेस ना, मग तुला धनुष्य चालवता येणारच! अरे, धनुष्य काय रक्तातून येतं?

ठाण्यातली गोष्ट

आता लांब नको जायला. ठाण्यात १८७९ साली बांधलेलं शाआर हाशामाईम हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, तुम्ही त्यावरून गेला असाल. बेने इस्रायल समाज आपल्या कोकणातला, भाषा मराठी, आडनावं गावावरून पडलेली. शनिवारी सुट्टी घेणारे तेली म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. या छोट्याशा समाजातही एके काळी दोन भाग होते, गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. काळे म्हणजे ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाहेरची स्त्री आली असं मानलं जाई ते. नाव रंगाचं, पण भेद कातडीचा नव्हता, कुळाचा होता. रोटीबेटी व्यवहार नाही. एकच धर्म, एकच भाषा, तरी वेगळा रकाना.

पुढं यातले बहुसंख्य इस्राएलला गेले. आणि तिथं काय झालं? १९६१ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं सांगितलं, की बेने इस्रायलांशी विवाहाला हरकत नाही, पण लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, कुठं बाहेरचं मिश्रण आहे का ते पाहावं. म्हणजे जे इकडे स्वतःला गोरे म्हणवत होते, तेही तिकडे संशयाच्या रकान्यात गेले. माणसं रस्त्यावर आली, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये त्या आदेशातून बेने इस्रायलांचं नाव काढावं लागलं.

यातून मला एक गोष्ट दिसते. मिश्रांसाठी वेगळा नियम केला, की तो लागू करायला कोणीतरी तपासनीस लागतो. कोण किती मिश्र हे बघायचं तर आज्यांची कागदपत्रं काढावी लागतात. आणि एकदा तपासणी सुरू झाली, की शुद्ध कोणीच उरत नाही.

मग पुसून टाकू?

आता तुम्ही म्हणाल, सर, एवढं सगळं आहे तर २०२४ च्या पुस्तकानं केलं ते बरोबरच केलं. काढून टाकले अर्धे, मिटला वाद.

थांबा. नियम काढणं हीसुद्धा एक कृती असते. आपल्या राज्यघटनेत ३६६ व्या अनुच्छेदात अँग्लो-इंडियन कोण याची व्याख्या आहे. बापाकडून युरोपीय वंश हवा, आईकडून असून चालत नाही. म्हणजे व्याख्या सदोषच. पण त्या व्याख्येच्या आधारावर ३३१ व्या अनुच्छेदानुसार लोकसभेत दोन जण नेमता येत असत. छोटा, विखुरलेला समाज, निवडून येणं कठीण, म्हणून ही तरतूद. १०४ व्या घटनादुरुस्तीनं जानेवारी २०२० मध्ये ती संपली. ती संपावी की नाही यावर मतं वेगळी असतील. पण ती संपल्यामुळं तो समाज मिश्र राहिला नाही, असं तर झालं नाही ना? फक्त त्यांच्यासाठी बोलायला हक्कानं ठेवलेली खुर्ची गेली.

नातीच्या टेबलावर एक मुलगी आहे. आईवडील दोन वेगळ्या धर्मांचे, दोन वेगळ्या भाषांचे. ती कायम अर्ध-एल्फ घ्यायची. नवं पुस्तक आल्यावर सूत्रधार मुलगा म्हणाला, काही बिघडत नाही गं, एल्फचे नियम घे आणि कान थोडे आखूड काढ. तो वाईट मुलगा नाही, पुस्तकाला धरूनच बोलत होता. तिनं विचारलं, ‘म्हणजे बाबा फक्त दिसण्यापुरते का?’ टेबलावर जरा शांतता झाली. मला वाटतं, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कान आखूड करून मिळत नाही.

मग रकाना करावा तर मनूची यादी, आणि पुसावा तर ही मुलगी. कोंडी आहे खरी.

उदयनाचार्यांची मदत

इथं मी दहाव्या-अकराव्या शतकातल्या एका नैयायिकाला बोलावतो. उदयनाचार्य. आपल्या दर्शनांत ‘जाति’ हा पारिभाषिक शब्द आहे, त्याचा अर्थ आज आपण जात म्हणतो तो नव्हे. गायींमधलं गोत्व, घटांमधलं घटत्व, म्हणजे वस्तूत खरोखर असलेलं सामान्य, ते जाति. आणि जे आपण सोयीसाठी वरून लावतो, ती उपाधि. स्वयंपाकी असणं ही उपाधि आहे, जाति नाही.

आता एखादं सामान्य खरी जाति आहे की नुसती उपाधि, हे ओळखायचं कसं? उदयनानं सहा अडथळे सांगितले. त्यांतल्या एकाचं नाव काय, तर संकर! दोन धर्म काही ठिकाणी एकत्र असतील, आणि काही ठिकाणी एकमेकांना सोडूनही असतील, तर ते जाति होऊ शकत नाहीत. उदाहरण असं देतात. भूत म्हणजे पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश. मूर्त म्हणजे पृथ्वी, जल, तेज, वायू, मन. चार ठिकाणी दोन्ही आहेत. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही. म्हणून भूतत्व आणि मूर्तत्व या जाति नव्हेत, उपाधि आहेत.

हा न्याय खेळाला लावा. एल्फ आहेत, माणसं आहेत, आणि दोन्ही असलेली एक मुलगी आहे. म्हणजे एल्फपणा आणि माणूसपणा यांचा संकर झाला. मनूच्या हिशोबात दोष त्या मुलीत. उदयनाच्या हिशोबात तिच्यात काहीच दोष नाही. दोष आपल्या समजुतीत, की एल्फपणा ही वस्तूत असलेली जाति आहे. ती आपण लावलेली उपाधि निघाली. शब्द तोच, संकर. एकानं तो माणसाला लावला, दुसऱ्यानं वर्गीकरणाला लावला. उदयनाचार्य सामाजिक बाबतीत क्रांतिकारक होते असं मी म्हणत नाही, त्यांनी हे लिहिलं ते तत्त्वमीमांसेपुरतं. पण हत्यार त्यांनी दिलंय, आपण ते वापरू शकतो.

म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, की मिश्र पात्र बसत नसेल तर शुद्धांचाच नियम तपासा.

नियम कसा असावा?

सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१२ चा एक निकाल आहे, गुजरातमधल्या एका प्रकरणातला. आई आदिवासी, वडील बिगर-आदिवासी, मुलगा कोण? न्यायालयानं म्हटलं, मूल वडिलांच्या जातीचं असं आधी गृहीत धरता येईल, पण ते अखेरचं नाही. मुलाला पुरावा देऊन दाखवता येईल, की मी आईच्या समाजात वाढलो, त्यांनी भोगलं ते भोगलं, त्यांनी मला आपलं मानलं आणि बाहेरच्यांनीही तसंच वागवलं. म्हणजे रक्ताची टक्केवारी बाजूला राहिली आणि प्रश्न आयुष्याचा झाला. न्यायालयात पुराव्याचं ओझं असतं, तिथं खरे लाभ आणि खरी फसवणूक दोन्ही शक्य असतात. खेळात तेही ओझं नाही.

मग माझी सूचना अशी. प्रत्येक पात्रानं, मिश्र असो वा नसो, कागदावर तीन ओळी भराव्यात. पहिली ओळ, शरीरानं काय मिळालं. अंधारात दिसतं का, आयुष्य किती. आईबापांच्या याद्यांतून ठरावीक संख्येनं गुण घ्यायचे, सगळ्यांना संख्या सारखीच. दुसरी ओळ, वाढताना काय मिळालं. भाषा, हत्यार, कसब. तिसरी ओळ, जग मला काय म्हणतं आणि मी स्वतःला काय म्हणतो. हिला आकडा नाही, पण गोष्ट बहुतेक वेळा हिच्यातूनच निघते.

यात अर्ध-एल्फला वेगळं पान लागत नाही, आणि तिचे बाबाही दिसण्यापुरते राहत नाहीत. शिवाय ऑर्कांत वाढलेला अख्खा एल्फ, ज्याला जुन्या पुस्तकात जागाच नव्हती, तोही यात बसतो. म्हणजे कर्णाचीही सोय झाली. हे अगदी हवेतलं नाही. २०२४ च्या पुस्तकानं आकड्यांची वाढ जन्मावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्यावर नेली, ती दुसरी ओळ झाली. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळानं २०२३ च्या सुधारित आवृत्तीत अर्धा हा शब्द काढून मिश्र पात्रांना स्वतःची नावं दिली आणि ती कुठल्याही कुळावर बसवता येतील अशी केली. कोणी एक तुकडा केलाय, कोणी दुसरा. एकत्र जोडायचं राहिलंय.

दोन प्रश्न

श्रोत्यांमधून एकानं विचारलं: सर, गुण निवडायला दिले तर मुलं दोन्हींकडचं फक्त उत्तम ते उचलतील. शंकर-पार्वतीच्या लग्नात फक्त लाडू खायला येणाऱ्यांसारखं!

बरोबर आहे, उचलतील. म्हणूनच संख्या सगळ्यांना सारखी हवी म्हटलं. पण असं बघा, एकाच कुळाचा एल्फ निवडतानाही मुलं फायद्याचाच एल्फ निवडतात. तेव्हा आपण त्याला हुशारी म्हणतो. मिश्र पात्रानं तेच केलं की लबाडी का वाटते? खेळात समतोल हवा, नक्की हवा. तो बेरजेनं साधा, संशयानं नको.

एका ताईंनी विचारलं: हे सगळं कल्पनेतलं. प्रत्यक्ष आयुष्यात मुलाच्या दाखल्यावर एकच रकाना असतो. मग या खेळाचा उपयोग काय?

ताई, दाखल्याचा रकाना बदलायला कायदा लागतो, आणि तिथं उतावीळपणे खोडाखोड करूही नये, कारण त्या रकान्यावर कोणाचं शिक्षण, कोणाची नोकरी उभी असते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठीचे रकाने अन्याय मोजण्यासाठी असतात, ते माणसाचं स्वरूप सांगण्यासाठी नसतात. या दोन्हींत गल्लत झाली की घोटाळा होतो. खेळाचा उपयोग असा, की सोळा वर्षांची पाच मुलं एका दुपारी बसून नियम लिहितात, तो कोणाला लागतो ते समोर बघतात आणि पुढच्या रविवारी बदलतात. नियम माणसानं केलेला असतो आणि तो बदलता येतो, हे पुस्तकात वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा असं जास्त कळतं. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिभेदाचे निर्मूलन’मध्ये आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटलं. त्या उपायातून जन्मलेली मुलं आता आपल्या सोसायट्यांत, आपल्या टेबलांवर आहेत. त्यांना ‘तू अर्धी कोण?’ असं विचारायचं, की ‘तुझ्याकडे काय काय आहे?’ असं विचारायचं, एवढं तर आपल्या हातात आहे.

वेळ झाली. पुढच्या वेळी नियम आणि सवय यांत फरक काय, यावर बोलू.